सरळ आलेली रेघ

आमच्या लातूरच्या कॉलेजात, मुतारीकडं वळायच्या जरा अलीकडं, भिंतीवर माझं एक कात्रण काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. आता नाही, मीच काढलं. खेड्यातल्या पोरानं जगाच्या तोडीचं संशोधन केलं, असा त्याचा एकंदर सूर. सोबत फोटो. फोटोत मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलोय. मायक्रोस्कोप बॉटनीवाल्यांचा. माझ्या कामाला तो जन्मात कधी लागला नाही, पण फोटोवाला म्हणाला, सर, कायतरी करताना दिसा. म्हणून दिसलो. तेवढी अक्कल माझ्यात पहिल्यापासून आहे.

त्या चौकटीखालच्या बाकड्यावर एक मुलगी येऊन बसली होती. उन्हाळा नुकता लागत होता. नांदेडहून पहिल्या एसटीनं आलेली, मांडीवर पोळ्यांचा स्टीलचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला. मला बघून उठली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "सर, मी तुमची फिल्म बनवून राहिले. चार वर्षं झाली. चुंबक येईना."

डब्यात पोळ्या नव्हत्या. टिश्यूपेपरात गुंडाळलेले काचेचे नखाएवढे तुकडे होते, आणि प्रत्येकावर करडी, चकचकीत फिल्म. ही माझ्याच जुन्या गाईडकडं पीएच.डी. करत होती. देगलूरकडची, बोलताना वाक्याच्या शेवटी तेलुगूचा हेल यायचा. जूनमध्ये तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. मे महिन्यात समितीपुढं उभं राहून तिला दाखवायचं होतं की माझ्या प्रबंधातली फिल्म तिलाही बनवता येते. आली तर पुढचं काम. नाही आली तर नोंदणी रद्द आणि चार वर्षं पाण्यात. भावानं सांगून ठेवलं होतं, जूननंतर घरी यायचं, बास झालं शिक्षण. हे सगळं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "गाईडसर म्हणले, ज्यानं बनवली त्यालाच जाऊन विचार. तुझ्या हातातच खोट आहे."

मीही मनात तेच म्हणालो. हिला चिमटा नीट धरता येत नसणार. आजकालच्या पोरांना काय येतं हो? लातुरात तर उभ्या गल्लीला क्लासेस. पोरं वर्गात बसतात ती खुर्ची गरम करायला. फळ्यावर काही लिहिलं की पहिला प्रश्न, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की पेनं खाली. असल्यातलीच ही एक, असं ठरवून मी मोकळा झालो.

आता ही फिल्म म्हणजे काय ते सांगतो, आणि सोपं करून सांगतो. कारण अवघड करून सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते कळलेलं नसतं, हे मी लई जवळून पाहिलंय. बिस्मथ, अँटिमनी आणि टेल्युरियम एकत्र आणून एक पदार्थ होतो. तो आतून वीज जाऊ देत नाही, पण त्याच्या वरच्या कातडीवरून वीज मजेत पळते. त्याला टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात. आतून ठप्प आणि वरवर सगळं चालू, म्हणजे आमच्या विभागासारखाच. त्यात क्रोमियमची चिमूट टाकली, तर तो चुंबकही होतो. पण लई म्हणजे लईच थंड केल्यावर. तसली थंडी करणारी यंत्रं मोठ्या लोकांकडं असतात.

आमच्याकडं नांदेडला होता द्रव नायट्रोजन. तोही उसना. जनावरांच्या दवाखान्यात देवणी वळूच्या वीर्यकांड्या नायट्रोजनच्या टाकीत बुडवून ठेवतात ना, तिथून मी तो थर्मासमध्ये आणायचो. डॉक्टर ओळखीचे होते. ते दर वेळी विचारायचे, "काय, तुमच्या गाईला फळ धरलं का?" सगळा दवाखाना हसायचा. मीही हसायचो, दुसरा इलाज काय! परत विद्यापीठात पोचेस्तोवर अर्धा नायट्रोजन वाफ होऊन उडालेला असायचा.

आमचे गुरुवर्य, म्हणजे गाईड, प्रयोगशाळेत वर्षातून दोनदा यायचे. एकदा दसऱ्याला, फिल्म बनवायच्या यंत्रापुढं नारळ फोडून त्याला हळदकुंकू लावायला. आणि एकदा बाहेरचा पाहुणा आला की, हे यंत्र मी कसं आणलं ते सांगायला. एरवी त्यांचा मुक्काम एसीच्या खोलीत. प्रत्येक वाक्यात एक 'ग्लोबल' असल्याशिवाय त्यांच्या तोंडातून वाक्य बाहेर पडायचं नाही. माझ्या प्रबंधात त्यांनी काय सुधारलं असेल? टाईप. अक्षरं जरा मोठी करा म्हणाले. विज्ञान त्यांनी तपासलं असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मला शिकवलं ते मामांनी. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले शिपाई. अहमदपूरच्या पलीकडल्या खेड्यातले. मीही त्याच तालुक्यातला, म्हणून ते मला 'गाववाले' म्हणायचे. ज्या काचेवर फिल्म बसवायची ती काच आधी निर्मळ लागते. बोटाचा ठसासुद्धा चालत नाही. त्यासाठी लागतं अ‍ॅसिटोन, आणि अ‍ॅसिटोन संपलेलं. मागणीची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरून फिरून मऊ पडली होती. दीड महिना मी नुसता बसून. शेवटी मामांनी एक दिवस गावाकडून पत्र्याचा डबा आणला. आत गोवऱ्यांची राख. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलेली, एकदम वस्त्रगाळ. त्यांनी काच तळहातावर घेतली, ओल्या अंगठ्यावर राख घेतली आणि गोल गोल घासायला लागले.

"मामा, हे चालतंय का?" मी विचारलं.

"तुझ्या मायनं जन्मभर भांडी कशानं घासली?"

"राखेनं."

"ताटात कधी खरकटं राहिलं का?"

"न्हाई."

"मग गप बस की."

नळाखाली काच धरली तर पाणी एकसारखं पसरलं, कुठं थेंब धरेना. काच साफ झाल्याची याहून चांगली खूण नाही. फिल्मही अशी घट्ट बसली की काय सांगू! पुढं अ‍ॅसिटोन आलं, तरी मी राख सोडली नाही. मला तिचा अभिमान होता. चार भिंतींच्या आत होता, हे मात्र खरं.

कारण चुंबकत्व मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. ते एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत. तिथं मी फिल्म घेऊन गेलो. कशातून, तर पोळ्यांच्या डब्यातून. दारातच तिथला एक गोरागोमटा संशोधक म्हणाला, "टिफिन बाहेर ठेवा." मी म्हणालो, यात नमुने आहेत. त्यानं डब्याकडं पाहिलं, माझ्या चपलांकडं पाहिलं आणि हसला. मोठ्यानं नाही. नुसतं नाकातून. मग फॉर्म भरताना विचारलं, "काच कशानं साफ केली?" मी उत्तर दिलं, "अ‍ॅसिटोन." एवढं सोपं होतं ते. गोवरीची राख म्हणालो असतो, तर तो माणूस पुढची दोन वर्षं चहाच्या टपरीवर माझी नक्कल करत बसला असता. माझ्या अंगाची लाहीलाही झाली होती त्याच्या त्या हसण्यानं, आणि मी त्याच्याच भीतीनं खोटं बोललो.

आणि यंत्रावर लूप आला! लूप म्हणजे असं. नमुन्याभोवती चुंबकीय जोर वाढवत न्यायचा आणि परत उतरवायचा. साधा पदार्थ गेला त्याच वाटेनं परत येतो. चुंबक असेल तो वेगळ्या वाटेनं परततो आणि कागदावर दोन रेघांच्या मध्ये पोट सुटतं. आमच्या फिल्मला असं सुंदर पोट सुटलं होतं. नायट्रोजनच्या थंडीत तर होतंच, साध्या खोलीच्या हवेतही होतं. जगाला जी गोष्ट हाडं गोठवणाऱ्या थंडीत मिळत होती, ती आम्हाला नांदेडच्या उन्हात मिळाली. नाकातून हसणारा उठून खुर्ची द्यायला लागला. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं की इतकं फुकट काही मिळत नसतं.

तसं ओळखायची संधीही आली होती. दुसरं मोजमाप नांदेडला, आमच्याच प्रयोगशाळेत करायचं होतं. विजेचं. फिल्मच्या या टोकापासून त्या टोकाला वीज सोडायची, फिल्म मोठ्या विद्युतचुंबकाच्या मध्ये उभी करायची, आणि आडव्या बाजूला किती व्होल्टेज येतं ते बघायचं. फिल्म स्वतःच चुंबक असेल, तर या आलेखालाही तसंच पोट सुटायला हवं, कारण वीज तिच्याच अंगातून चाललेली असते. माझी रेघ आली सरळ. पट्टीनं मारल्यासारखी सरळ. तारा बदलल्या, फिल्म बदलली, डॉक्टरांकडून परत नायट्रोजन आणला. रेघ सरळच.

गुरुवर्यांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे कशाला टाकतोस? लूप आहे ना? लूप ग्लोबल आहे." मग स्वतःच एक वाक्य सांगितलं, की पृष्ठभागावरची वीज विशेष असल्यामुळं तिला चुंबकत्व जाणवत नसावं. त्या वाक्याला कप्पाळ अर्थ नव्हता. पण इंग्रजीत ते भारी दिसत होतं. सरळ रेघ प्रबंधातून गेली, ते वाक्य तेवढं राहिलं. पेपर छापून आला, पदवी मिळाली, लातूरला नोकरी लागली, कात्रण चौकटीत बसलं. आणि काच साफ करायच्या कलमात लिहिलं होतं: अ‍ॅसिटोन, त्यानंतर शुद्ध केलेलं पाणी.

तर ती मुलगी त्या कलमाबरहुकूम चार वर्षं काचा धूत होती.

मी तिला स्टाफरूममध्ये नेलं नाही. तिथंच बाकड्यावर बसवून तासभर ऐकवलं. चिमटा कसा धरावा, तापमान कसं सांभाळावं, धीर कसा धरावा. आमच्या वेळी असं होतं आणि आमच्या वेळी तसं होतं. ती लिहून घेत होती, बिचारी. जाताना मी घरून मागवून माझी जुनी प्रयोगवही तिच्या हातात दिली. म्हणालो, "बघ, रोजच्या रोज कसं लिहायचं असतं ते." मदत म्हणून दिली असं मला कुणी समजू नये. टेंभा मिरवायला दिली. तिनं परत वाकून नमस्कार केला आणि डबा सांभाळत एसटी स्टँडकडं गेली.

तीन आठवड्यांनी आली ती थेट घरी, रविवारी. हातात डबा होताच, पण हा डबा पत्र्याचा. मी लांबूनच ओळखला.

"मामांकडं गेलते," ती म्हणाली. मामा केव्हाच रिटायर होऊन गावी राहत होते. "वहीत जागोजागी मामा मामा लिहिलंय. म्हणलं, विचारावं. अहमदपूरला उतरले, तिथून जीपनं गेले. लई चांगले आहेत मामा. जेवू घातलं."

मग तिनं पिशवीतून एक लोहचुंबक काढला. मोडक्या स्पीकरमधला, काळा, गोल. त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, डब्याचं झाकण उघडलं आणि तो राखेत फिरवून वर काढला. त्याला मिशा फुटल्या होत्या.

आता हे लहानपणी आम्ही सगळ्यांनी केलंय. आमच्याकडच्या काळ्या मातीत चुंबक ओढत चाला, पाच पावलांत त्याला दाढीमिशा येतात. त्या आम्ही कागदावर काढलेल्या मास्तरांच्या चित्राला चिकटवायचो. ती माती गाईच्या चाऱ्यातून पोटात जाते, गोवरी थापली तीही मातीवर, आणि गोवरी जळली की ते लोखंडी कण राखेत. शेंबड्या पोराला कळणारी गोष्ट. फिल्म केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी पातळ, तिचं चुंबकत्व नावाला. काचेच्या कडेला, पाठीला अशा राखेचे चार कण चिकटून राहिले, तर यंत्राला तेच दिसणार. आणि वीज तर फिल्ममधून जाते, काचेच्या पाठीवरून जात नाही. तिची रेघ सरळ येणार नाही तर काय होणार!

तिनं दोन कागद माझ्यापुढं शेजारी ठेवले. एक माझ्या प्रबंधातला लूप. दुसरा कोऱ्या काचेचा. फिल्म बिल्म काही नाही, नुसती राखेनं घासून, धुऊन त्याच मोठ्या संस्थेतल्या यंत्रावर मोजून आणलेली काच. दोन्हीचं पोट सारखं.

मला इतका राग आला! कुणाचा, ते विचारू नका. "तुला म्हणायचंय काय?" मी ओरडलोच.

"मला कायी म्हणायचं न्हाई सर," ती म्हणाली. "समितीत येऊन तेवढं सांगा, काचा कशानं घासल्या ते. प्रबंधात अ‍ॅसिटोन लिहिलंय. मी राख म्हणलं तर म्हणतील, काम जमेना म्हणून गोष्टी रचून राहिली. मामांचं कोण ऐकणार? तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "बघू." आमच्याकडं बघू म्हणजे नाही. तिलाही ते माहीत होतं. चहा अर्धा ठेवून गेली.

खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली होती. मी गेलो नाही तर काहीच होणार नव्हतं. ती देगलूरला परत जाईल, चौकट भिंतीवर राहील, मी वर्गात चुंबकत्व शिकवत राहीन. नांदेडला जाऊन तोंड उघडलं, तर माझं पितळ उघडं. आठ दिवस जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. प्राचार्य व्हरांड्यात भेटले आणि म्हणाले, चौकट जरा वर टांगू, मुतारीकडं जाणाऱ्यांचे हात लागतात. मला ती चौकट त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

मग मामांचा फोन आला. "गाववाले, त्या पोरीसंगं जाऊन ये. राख मीच दिली म्हणून सांग. मला काय लाज न्हाई त्याची. तुला हाय का?"

मी फोनवर म्हणालो, "न्हाई." आणि मग जावंच लागलं.

समिती म्हणजे एसीच्या हॉलात चार माणसं आणि बिस्किटांच्या बशा. एकाचा डोळा लागलेला. गुरुवर्य मधोमध, केस काळेभोर केलेले. ती मुलगी पुढं उभी राहून बोलत होती, एका हातात पडद्यावर दाखवायची काठी, दुसऱ्या हातात माझी वही घट्ट धरलेली. तिनं कोऱ्या काचेचा लूप दाखवला. गुरुवर्य मध्येच म्हणाले, "ही गडबड तिच्या हाताची आहे. मूळ प्रबंधात प्रक्रिया स्पष्ट लिहिलेली आहे. अ‍ॅसिटोन." आणि माझ्याकडं बघून हसले, आपल्या माणसाकडं बघावं तसं.

मी उठलो. "अ‍ॅसिटोन नव्हतं," मी म्हणालो. "राख होती. गोवऱ्यांची. वस्त्रगाळ."

आधी कुणाला कळलंच नाही. मग सगळे हसले. झोपलेला उठून हसला. ज्या हसण्याला भिऊन मी इतकी वर्षं ते कलम जपलं, ते हसणं अखेर कानावर पडलं. आणि काही झालं नाही हो! छत कोसळलं नाही. चार माणसं हसली, खोकली, पाणी प्याली आणि गप्प झाली. एकानं तर विचारलं, "कुठल्या गावची राख?" मी गाव सांगितलं. त्याची सासुरवाडी त्याच बाजूला निघाली.

गुरुवर्य कारकुनाला म्हणाले, "हे इतिवृत्तात घेऊ नका." समितीच्या अध्यक्षबाई मात्र जाग्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या. सगळं घ्या." मग मला विचारलं, "तुम्हाला त्या वेळी शंका आली नाही?"

"नाही," मी म्हणालो. "त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नसतं, बाई."

मुलीनं वहीकडं खाली पाहिलं. मला वाटलं, दमली असेल.

नोंदणी टिकली. फिल्ममध्ये खोटं चुंबकत्व कुठून शिरतं आणि विजेच्या मापानं ते कसं उघडं पडतं, हाच तिचा प्रबंध, असं अध्यक्षबाईंनी ठरवून टाकलं. बाहेर चहाला गुरुवर्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. मला वाटलं, शिव्या देतील. ते म्हणाले, "राखेवर पेपर लिहू. जुनी चूक आपणच शोधली असं दाखवू. माझं नाव पहिलं ठेव. ग्लोबल होईल बघ." असल्या माणसाला राग तरी कशाचा येणार! मी कप खाली ठेवून निघालो.

मुलगी मला सोडायला एसटी स्टँडपर्यंत आली. लातूरची गाडी लागायची होती. मी जरा फुगलोच होतो. आपण मोठं काम केलं, खरं बोललो, एका पोरीचं भलं झालं, असलं कायबाय मनात चाललेलं. वाटलं, आता ही आभार मानेल. तिनं पर्समधून वही काढली आणि माझ्या हातात दिली. एक पान कोपऱ्याशी दुमडलेलं होतं.

"मामांचं मी खोटं सांगितलं सर," ती म्हणाली. "वहीत मामा मामा लिहिलंय म्हणून न्हाई गेले. हे वाचून अहमदपूरला उतरले."

पान सरळ रेघेच्या दिवसांतलं. वर आलेख चिकटवलेला. त्याखाली पेन्सिलीनं, माझ्या अक्षरात: 'रेघ परत सरळ. म्हणजे चुंबक फिल्ममध्ये नाही, काचेवर आहे. राख तपासणे.' शेवटच्या दोन शब्दांवर आडवी काट मारलेली. तीही माझीच. पेन्सिलीची नाही, पेनाची.

मी हे विसरलो होतो. नाही, हेही खोटंच. वही देताना मला ते पान आठवलं नव्हतं, एवढंच खरं. समितीत अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हा आठवलं होतं.

"आत मी दाखवलं न्हाई," ती म्हणाली. "चौघांत तुमची फजिती नको म्हणलं. पण तुम्हाला तवाच ठावं होतं. मी चार वर्षं काचा धुतल्या, सर. रोज गाईडसरांच्या शिव्या खाल्ल्या. माझ्या हातात खोट आहे म्हणून घरी भावानं ऐकवलं, मला सुदिक तेच खरं वाटाया लागलं होतं. तुम्ही ते दोन शब्द का काटले?"

ती उत्तरासाठी थांबली होती. रागानं नाही, नुसतीच थांबली होती, प्रश्न परीक्षेला आहे का असं न विचारता. मला उत्तर माहीत होतं. राख तपासली असती, तर राख सांगावी लागली असती.

"माझी गाडी लागली," मी म्हणालो.

तिनं वळून पाहिलं. लातूरची गाडी अजून फलाटाला आली नव्हती. देगलूरची उभी होती.

"बरं सर," ती म्हणाली आणि निघाली. वाकली नाही.